शेलारमामा सावकाराच्या दारात

फलटणला आमच्या शाळेच्या दिवसांत सिनेमा मिळायचा तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. मेमरी कार्ड आणि थोडे पैसे दिले की दुकानदार त्याच्या कॉम्प्युटरवरून भरून द्यायचा. गाणी हवीत, पिक्चर हवेत, की दोन्ही, एवढंच विचारायचा. माझं कार्ड कायम एकाच प्रकारच्या मालाने भरलेलं असे: ब्रूस ली, जॅकी चॅन, जेट ली, नंतर टोनी जा. सगळे हिंदीत बोलणारे. 'एंटर द ड्रॅगन' १९७३चा, म्हणजे माझ्या वडिलांच्या लहानपणाचा, तरी आमच्यासाठी तो नवाच होता. 'ओंग बाक'मधली गल्लीतली पळापळ मी इतक्यांदा पाहिलीय, की कुठल्या उडीला कॅमेरा कुठे आहे हे आजही सांगू शकतो.

हा शौक कॉलेजातून नोकरीपर्यंत टिकला. पुण्यात ऑफिसमधल्या जाणकार मंडळींमध्ये बसलं की मात्र एक अदृश्य पायरी जाणवायची. मारामारीचे पिक्चर खालच्या पायरीवर, गंभीर सिनेमा वरच्या. आणि माणसाने वयानुसार वर चढायचं असतं, अशी एकंदर समजूत. एका मित्राने प्रेमाने यादी करून दिली. यादीत पहिलं नाव कुरोसावाच्या 'इकिरू'चं होतं, १९५२चा. मी लावला तो एका वेगळ्याच कारणाने. त्यातला म्हातारा मला ओळखीचा वाटला होता.

तो ताकाशी शिमुरा. 'सेव्हन सामुराई'मध्ये (१९५४) सातांचा म्होरक्या कांबेई झालेला. त्यात सुरुवातीलाच तो डोकं भादरून भिक्षूचा वेश घेतो, झोपडीत शिरतो आणि ओलीस धरलेलं पोर सोडवतो. हाणामारी आपल्याला दिसतच नाही. चोर बाहेर येऊन कोसळताना तेवढा दिसतो. हाच माणूस 'इकिरू'त नगरपालिकेतला विभागप्रमुख आहे. तीस वर्षं कागदांवर शिक्के मारलेत, पोटात कॅन्सर निघालाय, आणि मरायच्या आधी एका वस्तीतल्या घाणेरड्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करून घ्यायची आहे. मध्ये एक प्रसंग असा की गुंड त्याला गाठून धमकी देतात, जीव प्यारा आहे की नाही विचारतात. म्हातारा नुसता बघतो आणि कसनुसं हसतो. गुंड मागे सरतात. मी आयुष्यात पाहिलेल्या मारामारीच्या प्रसंगांत याचा नंबर फार वरचा आहे, आणि त्यात कुणी हात उचललेला नाही.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याकडे असं कोणी आहे का? तलवारही धरलेला आणि हरलेला माणूसही केलेला? शोधत गेलो ते कोल्हापुरात जाऊन पोचलो, शंभर वर्षं मागे. आणि तिथून, माझ्या अपेक्षेबाहेर, परत सातारा जिल्ह्यात आलो.

बाबूराव पेंटर हे नाव शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीपुरतं येतं. मूळ आडनाव मेस्त्री. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. फाळक्यांचे सिनेमे पाहून दोघांना वेड लागलं. १९१६मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी कॅमेरा विकत आणला नाही, दामल्यांसारख्या साथीदारांना घेऊन तयार केला. कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा भाग वाचून थोडं ओशाळायला होतं. आम्हाला लायब्ररी आयती मिळाली नाही तर आम्ही काम अडवून बसतो. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकर या गायिकेच्या पैशांवर आणि शाहू महाराजांच्या पाठबळावर.

कंपनीचा पहिला बोलबाला झाला तो मारामारीमुळेच. १९२०च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वाटला, की थिएटरात बायकापुरुष किंचाळले असं सांगतात. टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. १९२३मध्ये आला 'सिंहगड'. हरी नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा, रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात चित्रित केलेला. लोक एवढे लोटले, की ती गर्दी पाहून सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, अशी दंतकथा आजही सांगितली जाते.

हे सगळं कोल्हापुरात घडलं यालाही अर्थ आहे. तिथे तालीम होती, कुस्ती होती, आणि मर्दानी खेळ होते: लाठी, फरीगदगा, दांडपट्टा. हाँगकाँगच्या सिनेमाला ऑपेराच्या शाळांतून कसलेली पोरं मिळाली तशी इथे आखाड्यातली मिळाली. पडद्यावर पट्टा फिरवणाऱ्याने तो आधी पेठेत फिरवलेला असायचा. आम्ही आज ज्याला मार्शल आर्ट्स सिनेमा म्हणतो त्याचा मराठी पणजोबा म्हणजे हेच मूकपट. फरक इतकाच, की आम्हाला शाओलिनचं मंदिर पाठ आहे आणि पेठेतली तालीम नाही.

'सिंहगड'मध्ये एकवीस-बावीस वर्षांचा एक पोरगा ऐंशीच्या शेलारमामाचं काम करत होता. तानाजी पडल्यावर तलवार घेऊन उदेभानावर जाणारा शेलारमामा. त्या पोराचं नाव शांताराम वणकुद्रे. पुढचे व्ही. शांताराम.

दोनच वर्षांनी, १९२५मध्ये, त्याच कंपनीने 'सावकारी पाश' काढला. दिग्दर्शक तेच पेंटर. 'सैरंध्री'पासून कंपनीत असलेल्या गुलाबबाई, म्हणजे पडद्यावरच्या कमलादेवी, यातही होत्या. आणि शेलारमामा झालेला शांताराम यात झाला तरुण शेतकरी. सावकार त्याची जमीन गिळतो. गाव सुटतं. शेवटी तो शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. राजे, देव, राक्षस, चमत्कार यांतलं काही नाही. अंगात मळका सदरा आणि समोर कर्जाचा कागद. भारतातला पहिला वास्तववादी चित्रपट म्हणून जाणकार ज्याच्याकडे बोट दाखवतात तो हाच. बिमल रॉयच्या 'दो बिघा जमीन'च्या अठ्ठावीस वर्षं आधीचा.

ही कथा लिहिली होती नारायण हरी आपट्यांनी. इथे थांबून नावांचा गोंधळ मिटवतो. 'सिंहगड'चे आपटे ते हरी नारायण, 'सावकारी पाश'चे ते नारायण हरी. बाप-लेक वाटतील अशी उलटसुलट नावं, पण माणसं वेगळी. नारायण हरी जन्मले सांगलीजवळच्या समडोळीत आणि आयुष्याचा मोठा काळ राहिले कोरेगावात. आपल्या कोरेगावात. फलटणहून आदर्कीचा घाट चढा, वाठार स्टेशन मागे टाका, की पुढे कोरेगाव. लहानपणापासून साताऱ्याच्या प्रवासात या भागातून गेलेलो, आणि भारतीय वास्तववादी सिनेमाचा पहिला कथालेखक इथे राहत होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गावातल्या पोरांना तरी माहीत असेल का, शंकाच आहे.

कोरेगावात बसलेल्या लेखकाला सावकाराची गोष्ट सुचायला फार लांब जावं लागलं नसणार. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरंदुकानं फोडली, गहाणखतं आणि कर्जरोखे काढून चव्हाट्यावर जाळले. सुपे म्हणजे बारामती तालुक्यातलं, आमच्याकडून नीरा ओलांडली की पलीकडचं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत हे लोण पसरलं. दंगा म्हणावा तर माणसं मारण्यावर भर फारसा नव्हताच. लोकांचा राग कागदावर होता. ज्यावर आपला अंगठा आहे तो कागद राख झाला की आपण सुटलो, हा हिशेब. सरकारने आयोग नेमला आणि १८७९मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आणला, तो ज्या चार जिल्ह्यांसाठी त्यांत पुणे, नगर, सोलापूर यांच्याबरोबर सातारा होता. कायदा आला म्हणून सावकार गेला नाही. तो गेला असता तर १९२५मध्ये या गोष्टीवर सिनेमा काढायचं कुणाच्या मनात आलं नसतं.

आणि हा सिनेमा चालला नाही.

या वाक्यापुढे बहुतेक लेखांत एक ठरीव स्पष्टीकरण येतं. प्रेक्षक तयार नव्हता, त्याला पौराणिक चमत्कारांची आणि ऐतिहासिक लढायांची सवय, एवढं वास्तव त्याला पेललं नाही. माझ्या ऑफिसमधल्या पायरीचीच ही जुनी आवृत्ती. वस्तुस्थिती म्हणून त्यात खोटं काही नाही. त्या वर्षांत भारतात सर्वांत लोकप्रिय ठरलेला सिनेमा कुठला, तर डग्लस फेअरबँक्सचा 'द थीफ ऑफ बगदाद'. १९२७-२८च्या सरकारी चौकशी समितीनेच ते नोंदवलंय. उड्या, तलवारी, उडता गालिचा. लोकांना ते हवं होतं हे खरं. पण 'तयार नव्हता' म्हणजे काय? कशासाठी तयार नव्हता?

माझे आजोबा दुधेबावीच्या पुढच्या कोरड्या पट्ट्यातले. कालव्याचं पाणी जिथे पोचलं तिथे ऊस झाला, बागायत झाली. आमच्याकडे हुलगा, बाजरी आणि मुंबई. पणजोबांनी जमीन गहाण टाकली आणि ती सुटली नाही. आजोबा अठराव्या वर्षी लालबागला गेले. एका खोलीत गावचे वीस-बावीस जण, पाळीपाळीने झोपणारे, खानावळीचा डबा, गिरणीचा भोंगा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले हे एक. संप कधी अधिकृतपणे संपलाच नाही, आजोबा मात्र वर्ष-दीड वर्षात ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे.

म्हणजे 'सावकारी पाश'ची गोष्ट पानापानाला आमच्या घरात घडलेली. गहाण, जमीन, गाव सुटणं, गिरणी. फक्त सिनेमा जिथे थांबतो तिथून पुढे आजोबांना आणखी चोवीस वर्षं काढायची होती.

आणि हा माणूस सुट्टीच्या दिवशी बघायचा काय? दारासिंग. 'किंग काँग' (१९६२) किती वेळा पाहिला याची त्यांना मोजदाद नव्हती. भारतमातात मराठी पिक्चर लागला आणि त्यात मावळे असले तर तोही. मी एकदा त्यांना विचारलं होतं, गिरणीवरचा, गरिबीवरचा असा एखादा बघितला का? म्हणाले, "आरं लेका, रडायला तिकीट कशाला काढायचं? ते खोलीवर फुकट हाय की."

हे आजोबांचं वाक्य मी ऑफिसातल्या कुठल्याही समीक्षकी चर्चेपेक्षा वर ठेवतो. १९२५चा जो प्रेक्षक 'सावकारी पाश'कडे फिरकला नाही, त्याच्यात असे किती असतील? वास्तव पेलत नव्हतं असं नव्हे. पेलून पेलून खांदा सोललेला होता. आठ तासांत, दहा तासांत ज्याला एकदाही उलटा हात करता येत नाही, त्याला पडद्यावर दारासिंगाने कुणाला तरी डोक्यावर उचलून आपटलेलं बघायचं असतं. त्याची ती निवड अडाणीपणाची नव्हती. पडद्यावरचा पेंटरांचा शेतकरी सावकाराला एक फटकाही मारत नाही, गाव सोडून जातो. खरं तेच आहे. सुप्यात कागद जळाले, तरी पन्नास वर्षांनीही शेतकरी मुंबईलाच जात होता. पण आठवड्याच्या कमाईतले पैसे मोडून ते खरं बघायला कोण येणार?

याची दुसरी बाजूही आहे, आणि तीच मला जास्त आवडते. 'सावकारी पाश'ची सर्वांत भारावलेली आठवण नोंदवून ठेवली ती जे. बी. एच. वाडियांनी. वाडिया म्हणजे कोण? 'हंटरवाली' (१९३५) काढणारे. चाबूक फिरवणारी, घोडा उधळणारी फिअरलेस नादिया ज्यांनी उभी केली ते. देशातल्या स्टंटपटांचे सम्राट. पेंटरांनी १९३६मध्ये 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा काढला, त्यातला एक दृश्यखंड वाडियांच्या मनातून कधी गेला नाही: अंधुक उजेडातली एक उदास झोपडी, लांबून दिसणारी, आणि कुठेतरी कुत्र्याचं रडणं. बस, एवढंच. ज्याने आयुष्यभर चालत्या गाडीच्या टपावरच्या मारामाऱ्या विकल्या त्याला न हलणारी झोपडी आठवत राहिली. पायरीवाल्यांनी याचं काय ते उत्तर द्यावं.

पहिल्या 'सावकारी पाश'नंतर पेंटर पुन्हा 'गजगौरी', 'मुरलीवाला' अशा पौराणिक विषयांकडे वळले. कंपनी पुढे फार वर्षं टिकली नाही. पेंटर शेवटपर्यंत चित्रं आणि शिल्पं करत राहिले, १९५४मध्ये गेले.

याच कंपनीत अंग घोटवलेला आणखी एक गडी होता, मास्टर विठ्ठल. कोल्हापुरातून मुंबईला गेला आणि मूकपटांतला सर्वांत मोठा मारामारीवाला नट झाला. लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' करायची वेळ आली तेव्हा नायक म्हणून अर्थातच तोच. त्यासाठी त्याने आधीच्या कंपनीचा करार मोडला, कंपनी कोर्टात गेली, आणि त्याची बाजू लढवायला उभे राहिले बॅरिस्टर जिना. खटला जिंकला. १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये सिनेमा लागला आणि तेव्हा खरी अडचण लोकांपुढे आली: मास्टर विठ्ठलला हिंदी-उर्दू संवाद नीट बोलता येत नव्हते. म्हणून बऱ्याच भागात नायक बेशुद्ध नाहीतर गुंगीत दाखवावा लागला, असं सांगितलं जातं. शरीराने सगळं बोलणारा माणूस, तोंड उघडायची वेळ आली तर झोपवून ठेवलेला. मला यात हसू येतं आणि वाईटही वाटतं. पुढे तो मराठीत आला, भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'सारख्या (१९३९) चित्रपटांत पुन्हा तलवार घेऊन उभा राहिला, आणि तिथे शोभला.

शांतारामांचा रस्ता वेगळा. दिग्दर्शक म्हणून त्यांनी पहिला चित्रपट केला तोही 'नेताजी पालकर'च, १९२७चा मूकपट, धायबरांबरोबर. १ जून १९२९ला प्रभात सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांतली नावं बघा: 'खुनी खंजीर', 'उदयकाल'. माझ्या मेमरी कार्डावर सहज खपली असती. १९३३मध्ये प्रभात पुण्यात आली, १९३४मध्ये 'अमृतमंथन' आला. बळी देणारा राजगुरू, कटकारस्थानं, अंधारातून पुढे येणारा प्रचंड मोठा डोळा. याची कथा कुणाची? कोरेगावच्या नारायण हरी आपट्यांची, 'भाग्यश्री' कादंबरीवरून.

आणि १९३७मध्ये 'कुंकू'. आपट्यांच्याच 'न पटणारी गोष्ट'वरून. म्हणजे एकाच लेखकाच्या टेबलावरून सावकार आला, नरबळीचा थरार आला आणि एका मध्यमवर्गीय घरातलं जरठ-बाला लग्नही आलं. त्याला या गोष्टी वेगवेगळ्या पायऱ्यांवर ठेवाव्याशा वाटल्या नसाव्यात.

'कुंकू' मी लॅपटॉपवर पाहिला, दोन रात्रींत. पोरक्या नीराचा मामा तिला फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी, लग्न लावून देतो. नीरा शांता आपटे, काकासाहेब केशवराव दाते. नीरा हे लग्न मानत नाही. एवढीच गोष्ट. पार्श्वसंगीत नाही, जो आवाज येतो तो घरातल्या वस्तूंचा, माणसांचा. भिंतीवर एक जुनं घड्याळ.

मारामारीचे पिक्चर पाहून माझी नजर एका बाबतीत तयार झाली आहे. दोन माणसं समोरासमोर आली की मी आधी अंतर बघतो. कोण किती लांब, वजन कुठल्या पायावर, पहिलं पाऊल कुणाचं. चांगल्या हाँगकाँग सिनेमात कॅमेरा मागे उभा राहतो, पूर्ण माणूस दिसू देतो, घाईने कापत नाही, कारण समोरचा खरोखर लढतोय हे दाखवायचं असतं. 'कुंकू' या नजरेने पाहावा. घर छोटं. नवऱ्याची बाजू, बायकोची बाजू, मधला दरवाजा. नीराकडे हत्यार एकच, नकार. ती जागा सोडत नाही. काकासाहेबांकडे कायदा आहे, रूढी आहे, घर आहे, वय आहे, पण दर वेळी पाऊल मागे जातं ते त्यांचं. मिशीतला पांढरा केस लपवणारा म्हातारा आरशासमोर उभा राहतो तेव्हा तर समोर प्रतिस्पर्धीही नसतो, तरी मार बसतो.

आणि हो, यात खरीखुरी मारामारीही आहे. वयाने वाढलेला सावत्र मुलगा नको तसा जवळ यायला बघतो, आणि नीरा त्याला छडीने फोडून काढते. इथे मी एकटाच खोलीत बसून शिट्टी मारली. मला खात्री आहे की १९३७च्या थिएटरांतही वाजली असणार. एका प्रसंगी तर नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, ज्यात आयुष्याला रणांगण म्हटलंय. शांतारामांना आपण काय काढतोय हे पक्कं माहीत होतं. गडाचं घर झालं, तलवारीची छडी झाली, लढाई तीच.

शेवटी काकासाहेबांना आपण काय केलं ते कळतं. ते चिठ्ठी लिहून ठेवतात, तिला मोकळं करतात आणि जीव देतात. इथे मला शांतारामांशी भांडावंसं वाटतं. म्हातारा मेला म्हणून प्रश्न सुटला, ही सोय झाली. तो जिवंत राहिला असता तर नीराचं काय झालं असतं? तेव्हाच्या कायद्यात तिला सुटकेची वाट नव्हती. पेंटरांनी ही सोय घेतली नव्हती. त्यांचा सावकार मरत नाही आणि शेतकऱ्याला गिरणीत जावंच लागतं. 'कुंकू' लोकांनी उचलून धरला, 'सावकारी पाश' पडला. मधल्या बारा वर्षांत प्रेक्षक शहाणा झाला असं म्हणता येईल. किंवा शांतारामांनी ओळखलं, की गंभीर गोष्ट सांगताना प्रेक्षकाला एक तरी फटका मारू द्यावा लागतो. मला दुसरं जास्त पटतं. पण चांगला सिनेमा कुठला असेल असं कुणी विचारलं, तर न पाहिलेल्या 'सावकारी पाश'वर पैज लावायची माझी तयारी आहे. वाडियांच्या झोपडीच्या भरवशावर.

आमच्याकडे यांतलं काय पोचलं असेल? पुसेगावची सेवागिरीची यात्रा, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, पालीचा खंडोबा, या सगळ्या ठिकाणी तंबूतले सिनेमे लागत. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, कनात, जमिनीवर बसायचं, भोंग्यावरून आरोळ्या. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या तंबूंवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट केलाय, जरूर बघा. तंबूत आमच्या आईवडिलांनी देव पाहिले, डाकू पाहिले, तमाशापट पाहिले. यात्रेला आलेल्या माणसासमोर कर्जाची गोष्ट कुणी लावली असती का? यात्रा होऊन गेली की कर्ज होतंच.

आजोबा २०१९मध्ये गेले. 'कुंकू' मी त्यानंतर पाहिला, त्यामुळे छडीचा प्रसंग त्यांना दाखवायचा राहिला. तो त्यांनी नक्की दोनदा लावायला सांगितला असता. बाकीच्या सिनेमाचं सांगता येत नाही.

१९२५चा 'सावकारी पाश' आज कुणालाच पाहता येत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची: पेट घेणारी, ठेवली तर आपोआप सडून चिकट गोळा होणारी. भारतातल्या मूकपटांतले मोजकेच उरलेत, त्यातलेही बरेच तुकड्यांत. 'सिंहगड'ही त्याच वाटेने गेला. शेलारमामा आणि शेतकरी दोघेही गेले. उरली ती काही स्थिरचित्रं आणि पाहिलेल्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी. स्थिरचित्रात सगळं दिसतं, पण माणूस हलताना दिसत नाही, आणि मला नेमकं तेच हवंय. १९२३मध्ये ज्या हाताने तलवार उगारली, तोच हात दोन वर्षांनी सावकाराच्या कागदाकडे जाताना कसा दिसत होता. खांद्यातून निघत होता की मनगटातून. आणि कागदावर टेकायच्या आधी तो थांबत होता का.